शंभरपर्यंत अंक म्हणतो, म्हणजे मोजता येतं?

अडीच वर्षांचं मूल ‘एक, दोन, तीन…’ वीसपर्यंत घडाघडा म्हणतं आणि घरचे म्हणतात, याला मोजता येतं. येत नाही. ते बडबडगीतासारखं पाठ झालेलं असतं.

पारख सोपी आहे. समोर सात-आठ चमचे ठेवा आणि म्हणा, “मला तीन दे.” बरीच मुलं मूठभर उचलून देतात. एक मागितला की एकच देता येणं, मग दोन, मग तीन, हे टप्पे एकामागून एक येतात आणि मधे काही महिने जातात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण वस्तू, ही उमज साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास पडते. त्याआधी पाच बटाटे मोजून झाल्यावर “किती?” विचारलं, की मूल पुन्हा एकपासून सुरू करतं. रागावू नका, त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

म्हणून आकडे वाढवू नका, तीनपर्यंतच रेंगाळा. पानं घेताना “दोन वाट्या आण” म्हणा. वस्तू ओळीत मांडा, एकेक उचलून बाजूला ठेवत मोजा. नुसतं बोट फिरवलं तर तोंड पुढे पळतं, एकच बटाटा दोनदा मोजला जातो. शेवटी “तीन. तीन बटाटे” असं तुम्हीच म्हणा. शेंगदाणे, चणे, मणी मात्र नकोत, घशात अडकतात.

भिंतीवरचा अंकांचा तक्ता? राहू द्या, शोभेला.