बोटीवरचं होकायंत्र आणि हेडिंग सेन्सरचा घोळ

बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते अंशात सांगणारा आकडा म्हणजे हेडिंग, आणि तो आकडा प्लॉटरला (नकाशावर बोट दाखवणारी स्क्रीन), ऑटोपायलटला (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र), रडारला पुरवणारी छोटी डबी म्हणजे हेडिंग सेन्सर. जुन्या होकायंत्रात सुई असते, या डबीत सुई नाही, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं सर्किट असतं आणि चांगल्यातली असेल तर बोट किती कलली, किती झपाट्यानं वळली तेही मोजणारे चिप असतात. पण दोघांचं दुखणं एकच, जवळ लोखंड किंवा करंट आला की दोघं पण खोटं बोलतात. फरक एवढाच की सुई हलताना डोळ्याला दिसते आणि डबी मात्र दशांशासकट ठाम आकडा देते त्यामुळं लोक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

साताऱ्याकडं ही भानगड फारशी कुणाला माहीत नसते. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली, तापोळ्याचे लाँचवाले नजरेवर चालतात, कुठला डोंगर कुठं आला की वळायचं हे त्यांना झोपेत पण येतं. तरी थंडीतल्या सकाळी पाण्यावर धुकं बसलं की डोंगरच दिसत नाही, मग यंत्राची आठवण होते.

पहिला गोंधळ नेहमी एकच, "जीपीएस आहे की, मग होकायंत्र कशाला?" तर जीपीएसला बोटीचं तोंड कळत नाही, बोट कुठून कुठं सरकली तेवढंच कळतं. बोट उभी असेल किंवा चालण्याच्या वेगानं जात असेल तर स्क्रीनवरचा बाण गरागरा फिरतो आणि लोक म्हणतात यंत्र बिघडलं. सांगलीत २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तसल्या पाण्यात गल्लीतून हळू जाणाऱ्या रबरी बोटीत फक्त जीपीएसचा बाण बघून दिशा ठरवायची म्हणजे अवघडच. त्यात पाण्याची ओढ आडवी असेल तर तोंड एकीकडं आणि बोट चाललीय दुसरीकडं. म्हणजे हेडिंग आणि जीपीएसची दिशा जुळत नाही म्हणून लगेच सेन्सरला शिव्या घालू नका, आधी संथ पाण्यात, वारा नसताना सरळ चालवून बघा.

आता चूक येते कुठून. आपल्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग साधारण ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) भरतो, म्हणजे फारच किरकोळ. एका वायरमधून १० अँपिअर करंट जात असेल तर १० सेंटीमीटरवर ती वायर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार करते, निम्मं झालं की हो! डबी तिथं असेल तर २५-३० अंशाची चूक सहज. तीच वायर १ मीटर लांब नेली तर चूक ३ अंशावर येते. त्यात प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकमेकींना पिळून नेल्या तर दोघींचं क्षेत्र एकमेकाला जवळपास मारून टाकतं, फुकटातला उपाय आहे पण फिटिंगवाले घाईत मायनस कुठूनतरी बॉडीवरनं घेतात. ओळखायची खूण सोपी, बोट धक्क्याला घट्ट बांधायची आणि एकेक बटण दाबत जायचं, दिवे, पंप, वायपर, इंजिन. आकडा ज्या बटणाला उडी मारेल तो चोर.

एकाची गोष्ट सांगतो. बामणोलीच्या एका ओळखीच्या लाँचमालकानं हौसेनं रत्नागिरीहून जुना प्लॉटर आणि सेन्सर आणून बसवला. सकाळी रिकामी लाँच अगदी बरोबर दाखवायची आणि वासोटा किल्ल्यावर जाणारी पोरं भरली की २० अंश चूक. दोन वेळा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे बोट गोल फिरवून डबीला आजूबाजूच्या लोखंडाचा हिशेब करायला लावला, काही नाही. शेवटी मी पोरांबरोबर मागं जाऊन बसलो. बाकड्याच्या फळीखाली डबी, फळीवर ब्लूटूथ स्पीकर. स्पीकर उचलला की आकडा सरळ, ठेवला की परत तिरका, आम्ही चार वेळा उचलून ठेवून बघितलं. स्पीकरमध्ये तगडं चुंबक असतं, तसंच मोबाईलच्या चुंबकवाल्या होल्डरमध्ये पण. पान्यांची पेटी, नांगर, डिझेलचा पत्र्याचा डबा, फुगणाऱ्या लाईफ जॅकेटमधलं गॅसचं नळकांडं, ही मंडळी पण त्याच जातीची. आणि यांची जागा रोज बदलते हीच खरी कटकट, कारण जागेवर घट्ट बसलेलं लोखंड कॅलिब्रेशननं हिशेबात धरता येतं, फिरतं लोखंड नाही.

चुकीचा नमुना बघितला की कारण निम्मं कळतं. प्रत्येक दिशेला सारखीच चूक असेल, समजा सगळीकडं ५ अंश जास्त, तर डबी तिरकी बसलीय, मेनूमध्ये तेवढा फरक भरला की झालं. उत्तरेला ठीक, पूर्वेला जास्त, पश्चिमेला कमी, असं पूर्ण चक्करमध्ये एकदा वर एकदा खाली होत असेल तर जवळ कायमचं चुंबक झालेलं काहीतरी आहे. एका चक्करमध्ये दोनदा वर-खाली होत असेल तर साधं नरम लोखंड, जे स्वतः चुंबक नाही पण पृथ्वीचं क्षेत्र वाकवतं. लोखंडी जहाजांना हा त्रास फार जुना, १८३८ मध्ये जॉर्ज एअरी यांनी 'रेनबो' या लोखंडी जहाजावर तो मोजून चुंबकं लावून दुरुस्त केला होता. आजची डबी तेच काम गणितानं करते, पण त्यासाठी बोट गोल फिरवावी लागते.

ते फिरवणं लोक चुकवतात. पाणी संथ पाहिजे, चक्कर हळू म्हणजे एकाला एक-दोन मिनिटं, वेग सारखा, आणि धक्क्यापासून लांब कारण काँक्रिटमध्ये सळया असतात. आधी हे, मग ओळखीच्या डोंगराच्या दिशेनं बोट धरून तिरकेपणाचा फरक भरायचा. उलटा क्रम केला तर परत पहिल्यापासून.

खरी उत्तर (नकाशावरची, ध्रुवाकडची) आणि चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) हा वेगळा प्रकार. दोन्हींतला फरक आपल्याकडं एखाद्या अंशाच्या आतबाहेर, त्यामुळं एक स्क्रीन खऱ्या उत्तरेवर आणि दुसरी चुंबकीयवर ठेवली तरी इथं कुणाला पत्ता लागत नाही. तीच यंत्रं जिथं फरक १५-२० अंश आहे अशा समुद्रात गेली की बोंब.

आकडा चुकत नाही पण मधेच गायबच होतो, ही तक्रार विजेची. इंजिन स्टार्ट करताना १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर १० च्या खाली गेली की डबी बंद होऊन परत चालू होऊ शकते. एनएमईए २००० ची (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणारी) लाईन असेल तर सगळं बंद करून मल्टिमीटर लावा, दोन डेटा वायरींत ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर लाईनच्या दोन टोकांना लावायच्या रेझिस्टरपैकी, म्हणजे टर्मिनेटरपैकी एक निघालाय, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. पिनांवर हिरवा थर असतो तो पण बघा, कोयनेचं पाणी गोडं असल्यानं समुद्राइतका गंज नाही, पण पावसाळ्यातली ओल काय कमी असते होय.

डबीच मेलीय का हे बघायचं तर ती बोटीतून काढा, लाकडी स्टुलावर ठेवा, लांब वायरनं बॅटरी जोडा आणि हातानं चक्कर द्या. जागा नीट निवडा. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, कातळावर टेकवलेलं साधं होकायंत्र पण कधीकधी भरकटतं. चुंबकीय मोजणी किती नाजूक असते बघा, मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतलं हे काम १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. त्यामुळं गाडीपासून, विजेच्या खांबापासून, विहिरीच्या मोटरपासून लांब, मातीच्या मोकळ्या रानात स्टूल मांडा. तिथं पण चुकीचं दाखवलं तरच नवीन डबीची चौकशी करा.