पायांची सोय आणि फुप्फुसांची सोय

पुण्याच्या सदाशिव पेठेत दूध, भाजी, औषधं, बँक, देऊळ, सगळं पायी गाठता येतं. म्हणून पेठेत राहणं तब्येतीला चांगलं, असं आपण म्हणतो. टेकडीपलीकडच्या सोसायटीत झाडं आहेत, वारा खेळता आहे, म्हणून तेही तब्येतीला चांगलं. पण पहिल्या ठिकाणी आपण पायांबद्दल बोलतोय आणि दुसऱ्या ठिकाणी फुप्फुसांबद्दल. या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असं नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात हे नीट मोजलं गेलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी वस्त्या किती चालण्याजोग्या आहेत आणि तिथली हवा कशी आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. शहराच्या गाभ्यात चालण्याची सोय उत्तम, पण गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइडही जास्त. दोन्ही बाबतीत चांगल्या वस्त्या थोड्याच निघाल्या, आणि जमिनीलगत फुप्फुसांना त्रास देणाऱ्या ओझोन वायूचं गणित तर उलटंच होतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, त्यामुळे गर्दीच्या गाभ्यात ओझोन कमी आणि बाहेरच्या उपनगरांत जास्त. म्हणजे उपनगरातली हवा सगळ्याच बाबतीत निर्मळ असते, हाही भ्रमच.

मग धुरात चालण्यापेक्षा घरी बसावं का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी हिशेब मांडला: पीएम 2.5 हे सूक्ष्म कण घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम असले, तरी चालण्याच्या फायद्यापेक्षा प्रदूषणाचा तोटा वरचढ व्हायला रोज दहा तासांहून जास्त चालावं लागेल. भारताची वर्षभराच्या सरासरीची मर्यादा 40 आहे. तेव्हा आईबाबांना 'हवा खराब आहे, फिरायला जाऊ नका' असं सरसकट सांगू नका. हवा अगदीच वाईट असेल तो दिवस वगळावा, आणि दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मात्र कुठून चालायचं, याने फार फरक पडतो. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल बस-टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवलं. त्यांत निरोगी माणसं होती, तशीच फुप्फुसाचे आणि हृदयाचे रुग्णही होते. बागेत चालल्यावर श्वासाची क्षमता सुधारली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर यातला बराचसा लाभ गेला. 2018 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाय तेवढेच चालले होते.

आपल्या गावात हाइड पार्क नसेल, पण बोळ असतात. गाडीच्या नळीतून निघणारे अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवर बरेच विरतात. पीएम 2.5 मात्र शहरभर पसरलेले असतात, त्यांच्यापासून बोळात शिरून सुटका नाही. तरी लक्ष्मी रोडऐवजी मागच्या बोळातून मंडईला जाणं हा खरा फायदा आहे. हिवाळ्यात अगदी पहाटे थंड हवा जमिनीलगत धूर धरून ठेवते, म्हणून ऊन वर आल्यावर निघावं.

11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रोडचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद होता. दुकानं जागची हलली नव्हती. माणसं रस्त्याच्या मधून चालत होती आणि त्या पट्ट्यात गाड्यांचा धूर नव्हता. एरवी चार फूट फुटपाथ रुंद करून आपण चालण्याची सोय झाली म्हणतो, आणि शेजारून तेवढ्याच रिक्षा-बस जात राहतात. हे अर्धंच काम आहे, आणि अर्ध्यावर समाधान मानू नये असं मला कळकळीने वाटतं.

घर बघायला जाल तेव्हा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. एकदा तिथून दूध आणायला पायी जाऊन या. आणि संध्याकाळी सातला, रहदारी ऐन भरात असताना, झोपण्याच्या खोलीची खिडकी उघडून पाच मिनिटं उभे राहा.