कुलाब्याचा शिक्रा तळ आणि समुद्रावर थांबून राहणारी हेलिकॉप्टरं

पंतप्रधान मुंबईत आले की बातम्यांमध्ये एक नाव हमखास येतं, आयएनएस शिक्रा. विमान सांताक्रूझला उतरतं, तिथून हेलिकॉप्टरनं कुलाब्याला, मग पुढे गाड्यांचा ताफा. त्यामुळे बऱ्याच मुंबईकरांच्या डोक्यात शिक्रा म्हणजे व्हीआयपींचं हेलिपॅड एवढंच बसलंय. मला हे मनापासून खटकतं, कारण हा भारतीय नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे आणि त्याचं खरं काम आपल्या नजरेच्या पलीकडे, समुद्रावर चालतं, बहुतेक वेळा रात्री किंवा खराब हवेत.

आधी थोडा इतिहास. कुलाबा मुळात बेट, १८३८ मध्ये कॉजवे झाला आणि ते मुंबईला जोडलं गेलं. लष्कराची आणि नंतर नौदलाची वस्ती दक्षिण टोकाकडे वाढत गेली, नेव्ही नगर त्याच भागात. इथल्या हेलिकॉप्टर तळाचं जुनं नाव आयएनएस कुंजाली दोन. कुंजाली मरक्कार हे कालिकतच्या झामोरिन राजाचे आरमारप्रमुख, एकामागून एक चौघे झाले, सोळाव्या शतकात त्यांनी पोर्तुगीजांना जेरीस आणलं, चौथ्याला १६०० मध्ये गोव्यात ठार केलं. आपल्याकडे जो मान कान्होजी आंग्र्यांचा तोच केरळात कुंजालींचा, आणि नौदलानं दोघांचीही नावं मुंबईतच दिलीत, आयएनएस आंग्रे फोर्टात आहे. २००९ च्या जानेवारीत हा तळ आयएनएस शिक्रा नावानं नव्यानं नौदलात दाखल झाला. शिक्रा म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, आपल्या झाडांवर दिसतो तो.

आता प्रश्न असा की इतक्या दाटीच्या शहरात हवाई तळ मावतो कसा? हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही हे खरं, पण मोकळी हवा लागते. लोक समजतात हेलिकॉप्टर सरळ वर उठतं आणि सरळ खाली येतं. तसं येतं, पण ते सगळ्यात महाग काम आहे. एका जागी तरंगताना रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांना, सगळी हवा स्वतःच ओढून खाली ढकलावी लागते, पुढे जायला लागलं की पात्यांना सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि तेवढंच वजन कमी ताकदीत उचललं जातं. म्हणून पायलट शक्यतो तिरकं चढतो, तिरकं उतरतो. दुसरं म्हणजे इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही, खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात आणि ते उतरवता येतं, याला ऑटोरोटेशन म्हणतात, पण त्यासाठी हाताशी एकतर उंची हवी नाहीतर वेग. कमी उंची आणि कमी वेग दोन्ही एकत्र आले की मामला धोक्याचा, आणि टेकऑफ-लँडिंगच्या वेळी नेमकं तेच असतं. अशा वेळी समोर उंच टॉवर नको, पाणी असलेलं बरं. समुद्राकाठचा तळ हेलिकॉप्टरसाठी इतका सोयीचा त्याचं हे कारण.

इथली जुनी ओळख म्हणजे सी किंग आणि चेतक ही दोन हेलिकॉप्टरं. चेतक छोटं, एका इंजिनाचं, फ्रेंच अलुएट तीनवरून एचएएलनं, म्हणजे आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, बनवलेलं. विमानवाहू जहाजावर विमानं उतरत-उडत असताना हेच शेजारी हवेत थांबायचं, एखादा पायलट समुद्रात पडलाच तर लगेच उचलायला, चेतकच्या तुकडीचं नाव एंजल्स ठेवलंय ते उगीच नाही. सी किंग मात्र धिप्पाड, दोन इंजिनं, पाच पाती, रोटरचा व्यास जवळपास १९ मीटर, पोट होडीसारखं. इंग्लंडच्या वेस्टलँडनं बनवलेलं, नौदलात आलं १९७१ मध्ये, हार्पून्स नावाच्या तुकडीत.

१९७१ हे साल इथे फार महत्त्वाचं आहे. ४ डिसेंबरला आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला, नौदल दिन त्याचाच, आणि पाचच दिवसांनी ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं दीवजवळ आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. पाणबुडी समोर दिसत नाही म्हणजे काय होतं हे त्या रात्री कळलं.

पाणबुडी शोधायची कशी? रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात जवळजवळ लगेच विरतात, प्रकाशही फार खोल जात नाही. उरतो आवाज, जो पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपट-साडेचौपट वेगानं. म्हणून सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र. पण आवाज पाण्यात सरळ रेषेत जात नाही, ही खरी गोम. पाणी जितकं गरम तितका आवाज वेगानं जातो आणि तो नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे थंड थराकडे वाकतो. एप्रिल-मे मध्ये अरबी समुद्राचा वरचा थर तीस अंशांच्या आसपास तापलेला असतो, खाली गेलं की एका पट्ट्यात तापमान झपकन उतरतं, तिथे आवाज वाकतो आणि त्याच्या आड अशी जागा तयार होते जिथे जहाजाच्या सोनारचा आवाज नीट पोचतच नाही. हुशार पाणबुडी कॅप्टन अशा जागी लपतो. त्यात मुंबईसमोरचा समुद्र उथळ, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रापाशी खोली ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे आवाज तळाला आपटून परत येतो, वर मच्छीमारी बोटी, मालवाहू जहाजं, सगळा गोंगाट.

यावर सी किंगचं उत्तर म्हणजे डिपिंग सोनार. हेलिकॉप्टर पाण्यापासून दहा-पंधरा मीटरवर स्थिर थांबतं, पोटातून केबलला बांधलेला सोनार खाली सोडतं, हव्या त्या थरात नेऊन ऐकतं, मग गुंडाळून वर घेतं आणि काही किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा. जहाजाचा स्वतःचा गोंगाट मध्ये येत नाही, आणि पाणबुडीला कळतही नाही की पुढची डुबकी कुठे पडणार. पाणबुडी पाण्याखाली जास्तीत जास्त जेवढ्या वेगानं पळते त्याच्या कितीतरी पट हेलिकॉप्टरचा वेग, आणि तिचे टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून धावणारी स्फोटकं, हेलिकॉप्टरचं काही बिघडवू शकत नाहीत. ठावठिकाणा लागला की हेलिकॉप्टर स्वतः टॉर्पेडो टाकतं. हे सगळं काळोख्या रात्री, जिथे क्षितिज दिसत नाही, खाली वर लाटा हलतायत, आणि वर सांगितलं तसं तरंगणं म्हणजे सगळ्यात जास्त ताकद खाणारं काम. माझ्या मते लष्करी उड्डाणातल्या सगळ्यात कठीण कामांपैकी हे एक आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

मग सुटका. मुंबईसमोरचा समुद्र रिकामा नाही, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि बार्जेसवर, म्हणजे कामगारांच्या सपाट तरंगत्या नौकांवर, शेकडो माणसं राहतात. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस सगळ्यांना आठवतो, पण दुसऱ्याच दिवशी मुंबई हायच्या नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आग लागली हे किती जणांच्या लक्षात आहे? ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळात हीरा तेलक्षेत्रात पी ३०५ बार्ज बुडालं, त्यावर २६१ माणसं होती, आयएनएस कोची आणि बाकी जहाजं रात्रभर लाटांशी झगडत होती आणि हवा थोडी सावरल्यावर हेलिकॉप्टरं शोधाला लागली. १८६ जणांना वाचवता आलं.

विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, माणूस उचलणं टीव्हीवर सोपं दिसतं. रोटर आठ-नऊ टनांचं वजन हवेत धरतो म्हणजे तेवढ्या जोरानं हवा खाली फेकतो, त्या वाऱ्यात पाण्याचा फवारा उडतो, बुडणाऱ्याला श्वास घेणं अवघड, रबरी तराफा तर चक्क उलटू शकतो. शिवाय हवेत फिरणाऱ्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर विद्युत साचते, म्हणून विंचचा हूक आधी पाण्याला टेकवतात आणि मगच हात लावायचा, नाहीतर जोरदार झटका बसतो. वर दारात बसलेला क्रू पायलटला सतत सांगत असतो, जरा पुढे, डावीकडे, थांब, कारण पायलटला आपल्या पोटाखालचा माणूस दिसतच नाही.

इमारतींच्या गच्चीवर कमांडो उतरवणं हेही याच कौशल्याचं भावंड. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यातल्या नरिमन हाऊसवर एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरले ते हवाई दलाच्या एमआय १७ मधून, अख्ख्या देशानं ते पाहिलं, तिथे हवालदार गजेंद्र सिंह शहीद झाले. अरुंद गल्ल्यांमध्ये, तारा आणि टाक्यांच्या वर, गोळीबार होऊ शकतो अशा ठिकाणी हेलिकॉप्टर स्थिर धरणं म्हणजे काय हे विचार करून बघा.

आणि एक काम जे कधीच बातमीत येत नाही, देखभाल. पाण्यावर तरंगताना उडालेला खारा फवारा इंजिनात जातो, मीठ पात्यांवर बसतं, ताकद घटते, धातू गंजतो. त्यामुळे समुद्रावरून आल्यावर हेलिकॉप्टर गोड्या पाण्यानं धुणं, इंजिन धुणं, सांधे तपासणं हे नेमानं करावंच लागतं. मुंबईचा दमटपणा वेगळाच. एका तासाच्या उड्डाणामागे जमिनीवर माणसांचे कितीतरी तास जातात.

सी किंगचं आता वय झालंय. त्यांच्या जागी अमेरिकेकडून २४ एमएच ६० आर हेलिकॉप्टरं घेण्याचा करार २०२० मध्ये झाला, पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला दाखल झाली. त्यांच्यातही डिपिंग सोनार आहेच, फक्त ऐकण्याची आणि ऐकलेलं समजून घेण्याची ताकद खूप वाढलीय, कारण उथळ समुद्रातल्या गोंगाटातून एक बारीक आवाज वेगळा काढणं हे आता कॉम्प्युटरचं गणित झालंय. हेलिकॉप्टर बदललं तरी जमिनीवरची गरज तीच, चढायला-उतरायला मोकळी वाट. दक्षिण मुंबईत इमारती वर वर चढतायत, तेव्हा तळाभोवती उंचीची मर्यादा पाळायला सांगतात ती नुसती सुरक्षेच्या कागदांसाठी नसते, इंजिन ऐनवेळी बंद पडलं तर पायलटला वळायला जागा मिळावी म्हणूनही असते.