नकाशावरचा पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे

अरबी समुद्रात वादळ उठलं की एक जुना फॉरवर्ड कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हमखास फिरतो: 'नकाशावरच्या पट्ट्यात आपला जिल्हा नाही, मग काळजी नको.'

गैरसमज होणं साहजिक आहे, हवामान खात्याच्या वादळमार्गाच्या नकाशावरचा हा पट्टा दिसतोच वादळासारखा. पण तो दाखवतो वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं ते. मागच्या काही वर्षांत केंद्राचे अंदाज सरासरी किती चुकले, त्यावरून त्याची रुंदी ठरते.

पडताळा नकाशातच आहे. पट्टा आजच्या जागी निमुळता आणि पुढच्या दिवसांकडे रुंद होत जातो. तो आकार असता, तर प्रत्येक वादळ रोज फुगत गेलं असतं. उलट जमिनीवर आल्यावर ते विरतं. रुंदावते ती अनिश्चितता. केंद्र कधी पट्ट्याबाहेरूनही जातं.

वारा-पाऊस मात्र केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. रत्नागिरीचा किनारा कोल्हापूरपासून सरळ रेषेत जेमतेम 100 किलोमीटर. सह्याद्री वारा बराच अडवतो, हे खरं; पण वादळाचे ढग घाट चढून गगनबावड्याला कोसळतात आणि पंचगंगा फुगते.

म्हणून नकाशासोबतचा मजकूर वाचा: जिल्हावार पाऊस, वाऱ्याचा वेग, इशाऱ्याचा रंग. मच्छीमार त्यावरूनच होड्या बंदरात आणतात, बंदरवाले क्रेन बांधून ठेवतात. आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यानेही माल बंदराकडे धाडण्याआधी तेच बघावं. आणि नकाशाची तारीख-वेळ आधी; फॉरवर्डमधला नकाशा बहुतेकदा शिळा असतो.