घरचे घोडेस्वारीचे रिंगण : वाळू टाकण्याआधी वाचावे असे काही

"फार्महाऊसच्या मागे आठ-दहा गुंठे सपाट जागा आहे. वाळू टाकली, कुंपण घातले की झाले ना?" आमच्याकडून रिंगण बांधून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्या फोनवर हेच विचारतात. आमचे उत्तर असते, नाही. मातीवर नुसती पसरलेली वाळू पहिल्या पावसाळ्यात मातीत मिसळू लागते, दुसऱ्या पावसाळ्यानंतर चिखलच उरतो, आणि तोवर घोड्याचा एखादा पाय दुखावलेला असण्याची शक्यता मोठी. रिंगणावरचा पैसा आधी जमिनीखाली जायला हवा. वर दिसणारी वाळू, पांढरे कुंपण आणि अक्षरांच्या पाट्या हे सगळे नंतरचे. कोटेशन कोणाकडूनही घ्या, पण हे माहितीपत्रक वाचून घ्या.

घोड्याचा पाय काय सोसतो

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाडे असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या कंडरा. उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. चौखूर धावताना एकेका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याच्या एका खुराखाली अकराशे किलोहून जास्त. जमीन कठीण असेल तर हा हादरा खूर, हाड आणि सांधे सोसतात. वाळू खोल आणि भुसभुशीत असेल तर पाय रुततो, तो उपसताना कंडरा ताणल्या जातात. दुखावलेली कंडरा बरी व्हायला कित्येक महिने लागतात, आणि बरी झाली तरी पूर्वीची ताकद क्वचितच परत येते.

त्यातही सर्वांत वाईट म्हणजे एका कोपऱ्यात कठीण, दुसऱ्यात मऊ अशी जमीन. घोडा प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या भरवशावर टाकतो. म्हणून आम्ही खोलीपेक्षा सारखेपणाला जास्त महत्त्व देतो. आमच्या ग्राहकांपैकी कोणी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून मारवाडी किंवा काठेवाडी घोडा आणतात, कोणी पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतात. या दुसऱ्या घोड्यांचे पाय आधीच बरेच पळलेले असतात. त्यांच्यासाठी जमिनीत काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माप

घरच्या रिंगणाला २० बाय ४० मीटर हे माप पुरते. ड्रेसेजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकाराचे, छोटे रिंगण याच मापाचे असते, आणि क्षेत्र होते ८०० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठ्यांच्या थोडे आत. स्पर्धेच्या मोठ्या ड्रेसेजला २० बाय ६० मीटर लागते, सुमारे बारा गुंठे. अडथळ्यांवरून उड्या घ्यायच्या असतील तर २० मीटर रुंदी अपुरी पडते, वळणे तंग होतात. तेव्हा ३० बाय ६० धरा, म्हणजे अठरा गुंठे. चर, कुंपण आणि ट्रॅक्टर फिरायची वाट यांसाठी चारही बाजूंना किमान तीन मीटर वेगळे सोडावे लागतात. जागा मोजताना ही पट्टी नेहमी विसरली जाते.

इतकी जागा नसेल तर १८ ते २० मीटर व्यासाचे गोल रिंगण करा. अडीच-तीन गुंठ्यांत बसते आणि लंजिंगला (लांब दोरीवर घोडा गोल फिरवणे), नवा घोडा फिरवायला उत्तम. मात्र रोज फक्त गोलातच काम घेतले तर पायांवर एकाच बाजूचा ताण येतो, हे लक्षात असू द्या.

कुठे वळायचे, कुठे थांबायचे हे स्वाराला कळावे म्हणून रिंगणाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावतात. २० बाय ४० मध्ये लांब बाजूच्या अक्षरांचे अंतर कोपऱ्यापासून ६ मीटर, मग १४, पुन्हा १४ आणि शेवटी ६ असे असते. ए पासून सुरू करून के, ई, एच, सी, एम, बी, एफ या क्रमाने पाट्या लागतात.

जागा निवडताना

लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. आपल्याकडे रपेट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी होते. लांब बाजू पूर्व-पश्चिम असली तर प्रत्येक फेरीत तळपता सूर्य घोड्याच्या आणि स्वाराच्या डोळ्यांत जातो.

मोठ्या झाडाखाली रिंगण नको. सावली हवीशी वाटते, पण गळलेली पाने वाळूत कुजतात आणि वाळूची माती होते. झाड पश्चिमेला, थोडे अंतर राखून असले तर उत्तम.

आता सगळ्यात कळकळीची विनंती. कुंपणालगत कण्हेर लावू नका. आधीपासून असेल तर मुळासकट काढा. फुले छान येतात, पाणी लागत नाही, जनावरे खात नाहीत, म्हणून फार्महाऊसच्या कडेने ती हटकून लावलेली असते. पण कण्हेरीची थोडीशी पाने पोटात गेली तरी घोडा मरू शकतो. वाळलेली पाने तितकीच विषारी असतात, आणि गवताच्या पेंढीत मिसळून आली तर घोडा ती खातोही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, एरंड आणि घाणेरी यांनाही हाच नियम. छाटलेल्या फांद्या पागेच्या आसपास टाकू नका, जाळूही नका, त्यांचा धूरही घातक असतो. लांब नेऊन पुरा. आमच्या पहिल्या भेटीत टेपच्या आधी आम्ही कुंपणावर नजर टाकतो ती यासाठी.

पाणी

८०० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८० हजार लिटर पाणी जमते, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर. मुळशी, लोणावळा, कर्जत या पट्ट्यात असा पाऊस एका दिवसात सहज होतो. हे पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे कागदावर ठरेपर्यंत आम्ही जेसीबी बोलावत नाही.

पहिले काम बाहेरचे पाणी अडवण्याचे. रिंगण उतारावर असेल तर डोंगराच्या अंगाला एक चर काढून वरचे पाणी वळवावे लागते. ते आत शिरले तर बाकी सगळी मेहनत वाया. दुसरे काम आत पडणाऱ्या पाण्याला वाट देण्याचे. त्यासाठी तळाला एक टक्का उतार देतो. २० मीटर रुंदीला एकाच बाजूला उतार दिला तर २० सेंटिमीटरचा फरक पडतो. जास्त पावसाच्या भागात आम्ही मधोमध उंच ठेवून दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर उतार देतो. पाण्याचा प्रवास निम्मा होतो आणि वाळू कमी वाहते. इतका उतार स्वाराला जाणवतही नाही.

कडेने दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर, त्यात भोके असलेला पाइप, भोवती खडी, आणि या सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापडाचे (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) वेष्टण. कापड नसेल तर दोन-तीन वर्षांत पाइप गाळाने बुजतो. चराच्या तोंडाशी गाळ अडवायला खड्डा करतो, तिथे वाहून आलेली वाळू सापडते आणि परत टाकता येते.

आणि शेवटी हे पाणी सोडायचे कुठे? शेजाऱ्याच्या बांधावर मुळीच नाही. आज हसून बोलणारा शेजारी पहिल्या अतिवृष्टीनंतर तहसीलदारांकडे जातो, आणि त्याचे चुकत नाही. पाणी नैसर्गिक ओढ्यात सोडा, किंवा जागा असेल तर शेततळ्यात घ्या. वर्षाला ७०० मिलिमीटर पावसाच्या गावातसुद्धा एवढ्या रिंगणावर साडेपाच लाख लिटरहून जास्त पाणी पडते. त्यातले थोडे जरी साठले तरी उन्हाळ्यात वाळू भिजवायला कामी येते.

तळ

काळ्या मातीचा स्वभाव आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट काहीही रचले तरी ते वर्षभरात हलते. माती दोन फुटांपर्यंत असेल तर पूर्ण काढतो. त्याहून खोल असेल तर वरची दीड फूट काढून मुरूम भरतो आणि कडेचे चर आणखी खोल घेतो, म्हणजे खालची ओल फार कमी-जास्त होत नाही. कोकणात जांभ्याच्या सड्यावर हा त्रास नसतो. तिथे खडक समतल करण्याचा खर्च वेगळा येतो.

मातीवर आधी जिओटेक्स्टाइल, त्यावर मुरूम, त्यावर खडी आणि सर्वांत वर कच, म्हणजे क्रशरची बारीक खडी. प्रत्येक थर पाणी मारून व्हायब्रेटर रोलरने दाबायचा, एका वेळी १५ सेंटिमीटरहून जाड थर टाकायचा नाही. खडी आणि कचीचा मिळून दाबलेला थर १५ सेंटिमीटर हवा असेल तर हिशेबाने सुमारे ४२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतात, पण रोलरखाली माल बसतो, म्हणून ५५ ब्रास धरावे लागतात. कोटेशनमध्ये ४२ च ब्रास दिसले तर समजा की तळ पातळ होणार आहे.

काही ठेकेदार खडी आणि वाळू यांच्या मध्येही कापड घालतात. आम्ही घालत नाही. वरची वाळू पातळ झाली की घोड्याच्या नालेची कड त्या कापडात अडकते, ते फाटून वर येते, आणि दुरुस्तीसाठी सगळी वाळू उपसावी लागते. कच नीट दाबली तर तिथे कापडाची गरज राहत नाही.

घाई नसेल तर तळ तयार करून एक पावसाळा तसाच उघडा ठेवा. पाणी कुठे साचते, कुठे खचते, ते ऑगस्टमध्ये स्वच्छ दिसते. दसऱ्यानंतर दुरुस्ती करून वाळू टाकावी. फार थोडे ग्राहक इतके थांबायला तयार होतात, तरी आम्ही प्रत्येकाला हे सुचवतो.

वाळू

नदीची वाळू गोल दाण्याची असते. ती पायाखाली सरकते, घट्ट बसत नाही. समुद्राची वाळू विचारूच नका. तिच्यात मीठ असते, ते खूर कोरडे करते आणि लोखंड गंजवते, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणे बेकायदा आहे. क्रशरची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, कोनदार असते, ही तिची चांगली बाजू, पण तिच्यात भुकटी भरपूर असते. ती तशीच टाकली तर उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात आणि पावसात काँक्रीटसारखी बसते. धुतलेली असेल तरच आम्ही ती वापरतो. आमची पहिली पसंती धुतलेल्या, बारीक ते मध्यम दाण्याच्या सिलिका वाळूला आहे. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात ती निघते. पुण्यापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च टोचतो, तरी ती वर्षानुवर्षे टिकते.

वाळू उतरवून घेण्याआधी तपासा. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोराने हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर जो मऊ थर बसेल तो गाळ. बांधकामात ८ टक्क्यांपर्यंत गाळ चालवून घेतात. रिंगणासाठी तो ३ टक्क्यांच्या आत असावा, असा आमचा आग्रह आहे. आणि प्रत्येक गाडीची रॉयल्टीची पावती मागून घ्या, पावती नसलेली गाडी परत पाठवा.

२० बाय ४० साठी साडेसात सेंटिमीटर थराला २१ ब्रास वाळू लागते. ती एकदम टाकू नका. आधी १५ ब्रास टाका, बाकीची कडेला झाकून ठेवा. महिनाभर घोडा फिरवा आणि गरजेप्रमाणे वाढवा. कमी वाळूत भर घालता येते, जास्त झालेली काढताना तळ खरवडला जातो.

कुंपण, दिवे, छप्पर

कुंपण साधारण साडेचार फूट उंच. खांब बाहेरच्या बाजूला, आडव्या पट्ट्या आत, म्हणजे स्वाराचा गुडघा खांबावर आपटत नाही. काटेरी तार कुठेही नको. खाली वाळू अडवणारी फळी, पण पाणी जायला फटी ठेवून. फाटक बारा फुटी, बाहेर उघडणारे. दिवे दोन्ही बाजूंनी हवेत, एका बाजूच्या दिव्याने लांब सावल्या पडतात आणि घोडा बुजतो. छपराचा विचार असेल तर आताच सांगा, कारण खांबांचे पाये तळाआधी घ्यावे लागतात.

परवानग्या

स्वतःच्या शेतातला मुरूम काढायचा असला तरी तो गौण खनिजात मोडतो. तहसील कार्यालयात आधी विचारा. पक्की शेड बांधायची किंवा फी घेऊन घोडेस्वारी शिकवायची असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहेत, तिथे खोदकामाचे नियम कडक आहेत.

रोजची निगा

लीद रोज उचला. खुराखाली तिचा भुगा होतो आणि वाळू पाणी सोडेनाशी होते. घोडे कडेकडेने चालतात, त्यामुळे तिथे खोल वाट पडते आणि वाळू कुंपणाशी साचते. आठवड्यातून दोनदा ती फावड्याने वाटेत ओढा आणि मग फळी फिरवा. शेतातला कुळव किंवा रोटाव्हेटर कधीही आत आणू नका, त्यांचे दात तळ फोडतात आणि खडी वर येते. एकदा वर आलेली खडी वेचून संपत नाही.

वाळू ओलसर हवी. मुठीत दाबली की लाडवासारखी वळावी आणि बोट लावताच फुटावी. उन्हाळ्यात ८०० चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी मारायला चार हजार लिटर लागतात. पाण्याची अडचण असेल तर वाळूत मिसळायचे कृत्रिम तंतू मिळतात, ते ओल धरून ठेवतात. धूळ बसवण्यासाठी कोणी क्षार सुचवले तर नकार द्या. लाकडाचा भुसाही नको, तो कुजतो.

रिंगणात चारा टाकू नका. वाळूवरचे गवत खाताना वाळू पोटात जाते आणि पोटशूळ होतो. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला हे नीट समजावून सांगा, कारण संध्याकाळी घोडा मोकळा सोडून पेंढी तिथेच टाकण्याचा मोह त्यालाच होतो.

आमच्या पहिल्या भेटीसाठी

सातबारा, मोजणीचा नकाशा आणि जवळच्या ओढ्याची वाट माहीत असणारे घरातले कोणी, एवढे तयार ठेवा. आम्ही दोन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घेऊन माती बघतो, त्यात पाणी ओतून किती वेळात जिरते ते मोजतो. घोडे किती, कोणत्या जातीचे, स्वार कोण, मुले शिकणार आहेत का, उड्यांचा सराव करायचा का, हे सगळे विचारतो. मोतद्दार हजर असावा, कारण रिंगण रोज तोच वापरणार आहे. शक्य असेल तर पावसाळ्यात बोलवा. खोदकाम दिवाळीनंतरच सुरू होते, पण पाणी कुठून येते ते जुलै-ऑगस्टमध्येच दिसते. भेटीनंतर मिळणाऱ्या कोटेशनमध्ये तळ, चर, वाळू आणि कुंपण यांचे ब्रास आणि दर वेगवेगळे लिहिलेले असतील. बजेट कमी करायचे असेल तर कुंपण साधे घ्या किंवा वाळू पुढच्या वर्षी टाका. चर आणि तळाच्या आकड्यांत आम्ही कपात करत नाही.