एलडीएल 204 आणि एलडीएल 206

मावशीचा रिपोर्ट आला आणि घरात पहिला बळी गेला तुपाचा. वरणभातावरची धार बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, रविवारच्या मटणाचं तर नावच काढायचं नाही. वय 54, एकूण कोलेस्टेरॉल 290, त्यातलं 'वाईट' म्हणतात ते, एलडीएल, 204. "मेलं बाहेरचं काही खात नाही मी, मग हे आलं कुठून?" हा तिचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

त्याच महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. वय 33, अंगाने काटकुळा, आठवड्यातून चार दिवस पळायला जाणारा. त्याचा एलडीएल 206. त्याने तो कागद हसत हसत सगळ्यांना दाखवला. लॅबची चूक असणार, असं त्याचं ठाम मत.

दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होते, कारणांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. वरवर पाहता ज्याची चिंता करायची तो माणूसही उलटाच निघाला.

आधी तुपाचा निकाल लावू. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरच तयार करतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ताटातून येतं ते त्या मानाने थोडं. तूप, लोणी, खोबरेल, वनस्पती तूप यांतली घट्ट चरबी एलडीएल वाढवते हे खरं. पण पथ्य नेटाने पाळलं तरी एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे 204 चा 175-180 होईल, 100 होणार नाही. (तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापतात त्याची मला नेहमी गंमत वाटते. कोलेस्टेरॉल प्राण्यांत असतं, शेंगदाण्यात ते नव्हतंच कधी.)

मग 200 च्या वर आकडा जातो कसा? आपल्या शहरातल्या घंटागाड्या आठवा. एलडीएलचे कण रक्तातून फिरतात आणि यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर ते उचलून आत घेतात. रस्त्यावर ढीग साचला की आपण म्हणतो, लोक फार कचरा करतात. पण कचरा तेवढाच असतो आणि गाड्याच येत नाहीत, असंही होतं. मावशी आणि सहकारी, दोघांच्याही बाबतीत घोळ गाड्यांचाच होता.

मावशीकडे गाड्या होत्या, पण कामावर निघत नव्हत्या. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की तिचं हार्मोन कमी पडतं आणि यकृतावरचे रिसेप्टरही घटतात. कण रक्तातच रेंगाळतात. गेलं वर्षभर ती म्हणत होती, थंडी फार वाजते, पोट साफ होत नाही, आवाज बसलाय, केसांचा गुंता निघतो. घरचे म्हणाले, वय झालं, पाळी गेली, चालायचंच. पाळी गेल्यावर एलडीएल थोडा चढतो हेही खरं असल्याने ते स्पष्टीकरण सगळ्यांना पटलं. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) तपासला तेव्हा तो निघाला 38. साधारण चार-साडेचारपर्यंत ठीक मानतात.

त्याआधीचा एक महिना मात्र वाया गेला होता. जवळच्या डॉक्टरांनी नुसता लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट) पाहून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू केलं आणि पंधरा दिवसांत मावशीच्या मांड्या-पोटऱ्या ठणकायला लागल्या. थायरॉइड कमी असताना, त्यावर उपचार न करता स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणून मला वाटतं, अचानक चढलेल्या कोलेस्टेरॉलवर गोळी लिहिण्याआधी टीएसएच पाहणं ही सवयच हवी.

सहकाऱ्याकडे अर्ध्या गाड्या जन्मापासून मंजूरच झालेल्या नव्हत्या. याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी एफएच. एलडीएल रिसेप्टरच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक सदोष असली की रिसेप्टर निम्म्यावर येतात. टेक्ससमधल्या डॅलसचे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशाच रुग्णांच्या पेशी अभ्यासून हे रिसेप्टर शोधले आणि 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. हा दोष दुर्मीळही नाही. अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला असतो, बहुतेकांना पत्ता नसतो.

फरक ओळखायचा कसा? मावशीचा तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, त्यात एलडीएल 121 होता. म्हणजे काहीतरी नवं घडलं होतं. सहकाऱ्याने 24 व्या वर्षी नोकरीला लागताना केलेली तपासणी मेलमधून शोधून काढली. 198. तेव्हाही त्याने ती हसण्यावारी नेली होती. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका ते यासाठी.

दुसरा प्रश्न घरच्यांचा. त्याचे वडील 44 व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले, एक काका पन्नाशीच्या आत. घरात याला 'नशीब' म्हणत. डॉक्टरांनी त्याला मोजे काढायला लावले आणि टाचेमागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा दोर) दोन बोटांत धरून पाहिली. ती जाड आणि गाठाळ लागत होती, तिथे कोलेस्टेरॉल साचलेलं होतं. पळण्याचे बूट मागून घासतात म्हणून त्याने दोनदा बूट बदलले होते! हे चिन्ह प्रत्येकात नसतं, पण दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं. चाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कडं दिसणं, हाही एक इशारा.

आता खरी गफलत होते ती इथे. टीएसएच 6-7 आला की पुष्कळांना हायसं वाटतं, 'थायरॉइडमुळेच आहे' म्हणून. एवढ्याशा वाढीने एलडीएल 200 वर जाणं अवघड. शिवाय एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. टीएसएच जागेवर आल्यावरही एलडीएल 190 च्या आसपासच राहिला, तर पुन्हा घराण्याकडे वळायचं.

कारणं ही दोनच आहेत असं नव्हे. लघवीला फेस येतो आणि पायांवर सूज आहे, तर मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील. पित्ताचा मार्ग अडला तरी कोलेस्टेरॉल चढतं. स्टिरॉइड, बीपीच्या काही गोळ्या, काही जणांत कीटो डाएट, हेही यादीत आहेत. गरोदरपणात ते चढतंच, बाळंतपणानंतर पुन्हा बघतात. दारू आणि आटोक्यात नसलेली रक्तातली साखर मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, वाढवतात. तेव्हा आकडा अनपेक्षित आला तर आधी तपासणी पुन्हा करावी, सोबत टीएसएच, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतली प्रथिनं, यकृताच्या चाचण्या पाहाव्यात, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवावीत, आयुर्वेदिक धरून.

उपचारांची वाट इथून वेगळी होते. मावशीचं स्टॅटिन थांबवून थायरॉइडची गोळी सुरू झाली. ती पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब. चहा लांबला हीच तिची तक्रार. तीन महिन्यांनी टीएसएच 3.1, एलडीएल 129. तूप परतलं, चमचा मात्र लहान झाला.

सहकाऱ्याला स्टॅटिन, आणि ते कायमचं. स्टॅटिन यकृतातलं उत्पादन कमी करतं, मग यकृत कोलेस्टेरॉलसाठी जनुकाच्या चांगल्या प्रतीकडून जास्त रिसेप्टर बाहेर काढतं. पुरेसं उतरलं नाही तर एझेटिमाइब नावाचं दुसरं औषध जोडतात. त्याला ते जोडावं लागलं. 'पळून पळून उतरवतो' हा हट्ट सोडायला त्याला दोन महिने लागले. पळणं हृदयासाठी चांगलंच, पण जन्मापासून 200 च्या घरातल्या एलडीएलमध्ये बुडालेल्या धमन्यांना तेवढं पुरत नाही.

आणि त्याला घरच्यांचीही तपासणी करायला सांगितलं. आईवडिलांपैकी एकाला एफएच असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. बहिणीचा एलडीएल आला 98. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीचा 187. बालरोगतज्ज्ञांनी दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलंय आणि तोही आकडा असाच आला तर गोळीचं बोलू म्हणालेत. पुढच्या शनिवारी तिला रक्त द्यायला न्यायचंय. सुई टोचून घेतल्यावर काय मिळणार, याच्या वाटाघाटी बापलेकीत सुरू आहेत.