मुलांमधील जीवाणूजन्य नेत्रसंसर्ग व प्रतिजैविकांचा प्रतिरोध (पुणे)

बुबुळाभोवतीचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ अस्तराला (नेत्रश्लेष्मलेला) जीवाणूंच्या संसर्गाने येणारी सूज. डोळा लाल होतो, पिवळसर किंवा हिरवट चिपड येते आणि सकाळी मुलाच्या पापण्या चिकटलेल्या असतात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हा विकार विशेष आढळतो. त्यातून दृष्टी जाण्याचे प्रसंग विरळा, पण लाल डोळा दिसताच प्रतिजैविकाचे थेंब घालण्याची सवय सर्वत्र रुजली असल्याने प्रतिरोधाचा, म्हणजे जीवाणूंनी औषधाला दाद न देण्याचा, प्रश्न या साध्या आजाराशी घट्ट जोडला गेला आहे.

मुलांत मुख्यतः हिमोफिलस इन्फ्लुएंझीचे कवच नसलेले प्रकार, न्यूमोकोकस आणि मोराक्सेला हे जीवाणू सापडतात; त्याखालोखाल स्टॅफिलोकोकस ऑरियस. पहिल्या तिघांचा नेहमीचा मुक्काम मुलांच्या नाकाघशात असतो. म्हणून पाळणाघरात किंवा बालवाडीत सर्दीची लाट आली की मागोमाग डोळेही येतात. हिमोफिलसमुळे कधी कधी डोळ्याबरोबर कानही दुखू लागतो. अशा मुलाला थेंब पुरत नाहीत, पोटातून औषध द्यावे लागते. त्यामुळे डोळा दाखवायला आणलेल्या मुलाचा कान तपासणे आवश्यक आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोकोकसवर लस तयार केली असून न्यूमोकोकसची लस राष्ट्रीय लसीकरणातही आहे. तिने न्यूमोकोकसमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर बरेचसे टळतात. डोळ्यांत येणारे न्यूमोकोकस मात्र बरेचदा कवचाविना असतात आणि लस कवचाविरुद्ध काम करते, म्हणून लस घेतलेल्या मुलाचेही डोळे येऊ शकतात.

लाल डोळ्याचे प्रत्येक कारण जीवाणू नसते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांपासून मोठ्यांपर्यंत हजारोंचे डोळे आले आणि साथ पुणे, पिंपरी-चिंचवडकडे पसरली. ती विषाणूंची साथ होती आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. साथीत पाणी जास्त येते, चिपड कमी असते, डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते. धूळ व परागकणांच्या ॲलर्जीत खाज प्रधान असते, मूल सतत डोळे चोळते. तान्ह्या बाळाचा एकच डोळा जन्मापासून पाणावत आणि चिपडत असेल, तर बहुधा अश्रुनलिका पूर्ण उघडलेली नसते. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली बोटाने नियमित दाब दिल्यास बहुतेक बाळांची नलिका वर्षाच्या आत मोकळी होते. याच बाळांना महिनोन्‌महिने थेंबांच्या बाटल्यांमागून बाटल्या दिल्या जातात, हे फार वाईट आहे.

खऱ्या जीवाणूजन्य संसर्गातही औषधाचा वाटा समजतो त्याहून लहान आहे. इंग्लंडमध्ये ३२६ मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या मुलांना क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे थेंब दिले, निम्म्यांना औषध नसलेले. सातव्या दिवशी पहिल्या गटातील ८६ टक्के आणि दुसऱ्या गटातील ८३ टक्के मुले बरी झाली होती. थेंबांनी आजार थोडा लवकर आटोपतो, एवढेच. सौम्य संसर्गात उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसणे, दर पुसण्याला नवा बोळा घेणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि हात धुणे एवढ्यावर दोन-तीन दिवस वाट पाहता येते. काजळ, मध, गुलाबपाणी किंवा आईचे दूध डोळ्यात घालू नये; त्यांतून नवा संसर्ग होऊ शकतो.

प्रतिरोध अनेक मार्गांनी येतो. हिमोफिलसच्या काही जातींकडे बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) असते, ते ॲम्पिसिलिन व अमॉक्सिसिलिन तोडून टाकते. न्यूमोकोकस आपली पेशीभित्तिका बांधणारी प्रथिने बदलतो, त्यामुळे पेनिसिलिनला पकड मिळत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे जीवाणूच्या ज्या विकरांवर मारा करतात, त्यांच्या जनुकांत लहानसा बदल झाला तरी ती निष्प्रभ होऊ शकतात. थेंब डोळ्यापुरतेच राहत नाहीत. अश्रुनलिकेतून ते नाकात उतरतात आणि नेमक्या याच जीवाणूंच्या वस्तीत पोचतात. संवेदनशील जीवाणू मरतात, टिकाव धरणारे उरतात व वाढतात. डोळ्यात वारंवार इंजेक्शन घेणाऱ्या प्रौढांना दर वेळी प्रतिजैविक थेंब दिल्यावर त्यांच्या डोळ्यांतील जीवाणूंत प्रतिरोध वाढल्याचे आढळले आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक भान ठेवावे लागते. ‘प्रतिरोधी’ हा शेरा रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या प्रमाणावरून ठरतो. थेंबांमुळे अश्रूंतील प्रमाण त्याच्या कितीतरी पट होते, म्हणून असा शेरा असूनही डोळा बरा होऊ शकतो. पण तोच जीवाणू कानात किंवा फुप्फुसात गेला, तर ही सवलत मिळत नाही. मुलांच्या डोळ्यांतील प्रतिरोधाची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

पुणे परिसराचा प्रतिजैविकांशी जुना संबंध आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने जीवाणू निर्ढावतात, असे बजावले होते. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या, औषध नियमांतील एच-१ अनुसूचीनुसार मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी औषधे विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टर व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. तरीही ‘मागच्या वेळचेच ड्रॉप्स द्या’ एवढ्यावर बाटली हातात पडते. शाळा लाल डोळ्याचे मूल घरी पाठवते, आईबाबांची रजा संपलेली असते. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. सर्वांत धोक्याचे म्हणजे स्टेरॉइड मिसळलेले थेंब. त्यांनी लाली झटकन उतरते, पण नागीण-विषाणूची जखम असेल तर ती बुबुळात खोल पसरते, आणि दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. ॲलर्जीच्या मुलांत हे थेंब डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे चालू ठेवले जातात.

थेंब लागलेच तर एका वेळी एक पुरे. पापणीच्या खोबणीत एका थेंबाहून अधिक मावत नाही, उरलेला गालावर ओघळतो. भावंडांनी एकच बाटली वापरू नये, उघडल्यावर महिन्याने ती टाकून द्यावी.

पहिल्या महिन्यातील बाळाचा डोळा चिपडला तर वाट पाहू नये. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला गोनोकोकस (परम्याचा जीवाणू) थोड्या दिवसांत बुबुळ पोखरतो. त्याला इंजेक्शनच लागते, आणि त्याच वाटेने येणाऱ्या क्लॅमिडिया या जीवाणूला पोटातून औषध. मोठ्या मुलात पापणी सुजून ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला, पुढे आल्यासारखा दिसला किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर त्याच दिवशी ससून रुग्णालय किंवा एखादे नेत्ररुग्णालय गाठावे. तीन-चार दिवस थेंब घालूनही उतार नसेल, तर दुसरी बाटली उघडण्याआधी चिपडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणता जीवाणू कोणत्या औषधाला दाद देतो, हे तपासून घ्यावे.